डबा नको, कॉम्प्युटर द्या!

ऑफिसातले जुने कॉम्प्युटर गावाकडच्या शाळेला द्यायचे, हार-नारळ करायचा, फोटो काढायचा... झालं समाजकार्य! मीसुद्धा हेच केलं होतं. पुढे त्या कॉम्प्युटरचं काय झालं, त्याची ही गोष्ट. आणि जुनं मशीन खरोखर कुणाच्या उपयोगी पाडायचं, तर मधे काय काय करावं लागतं, त्याचीही.

प्रत्येक ऑफिसात एक खोली असते. पॅन्ट्रीच्या शेजारी किंवा जिन्याखाली. आत एकावर एक रचलेले मॉनिटर, वेटोळी घालून पडलेल्या केबल्स, बटणं उडालेले कीबोर्ड आणि गेल्या दिवाळीतल्या रांगोळी स्पर्धेचं उरलेलं सामान. ॲडमिनवाले तिला ‘स्टोअर’ म्हणतात. आम्ही म्हणायचो ‘स्मशान’. तुमच्याही ऑफिसात असेलच, उद्या जाऊन बघा!

२००९ साली आमच्या पुण्यातल्या ऑफिसच्या स्मशानात एकदम बारा कॉम्प्युटर येऊन पडले. पेंटियम फोर, आणि मागे भलंमोठं पोट असलेले मॉनिटर. ते बघून माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी रावेरची. म्हणजे रावेर गावातली नाही, तालुक्यातल्या एका खेड्यातली. जळगाव जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, भुसावळ-खंडवा रेल्वे लाइनवर. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी आणि मधे जिकडे पाहाल तिकडे केळी. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो.

मी ज्या शाळेत शिकले, तिथे एकच कॉम्प्युटर होता. हेडमास्तरांच्या खोलीत, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला. चपला बाहेर काढून आत जायचं, लांबून बघायचं आणि परत यायचं. माउस पहिल्यांदा हातात धरला तो थेट बारावीनंतर, एमएससीआयटीच्या क्लासमध्ये. त्या दिवशी माझ्या हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो. आपल्या शाळेतल्या पोरींवर ती वेळ येऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

बॉसला विचारलं. तो म्हणाला, “घेऊन जा, तेवढी जागा तरी मोकळी होईल.”

खरं तर या वाक्यावरच मी सावध व्हायला हवं होतं!

मार्केट यार्डात केळी उतरवून परत निघालेला ओळखीचा एक ट्रक मिळाला. केळीच्या वाळलेल्या पानांवर मॉनिटर मांडले आणि बारा कॉम्प्युटर निघाले रावेरला. शाळेत जंगी कार्यक्रम झाला. नारळ फुटला, सीपीयूला हळदकुंकू लागलं, मी ‘माहिती तंत्रज्ञानाचं युग’ वगैरे भाषण ठोकलं. फोटो ऑफिसच्या न्यूजलेटरमध्ये छापून आला. आठवडाभर सगळे पाठ थोपटत होते. जाम भारी वाटलं.

आठवी ‘ब’ व्हरांड्यात

दोन वर्षांनी, २०११ च्या दिवाळीत गावी गेले तेव्हा म्हटलं, चला, आपली लॅब बघून येऊ. शाळेला सुट्टी होती, पण शिपाईमामांनी कुलूप उघडून दिलं. आत धूळ, पालींचा वास आणि जुन्या चादरी पांघरलेले बारा डबे.

“एकच चालू राह्यला ताई,” मामा म्हणाले. “बाकीचे लाइट आली-गेली, आली-गेली, त्याच्यात उडाले.”

मग एकेक कहाणी कळत गेली. तीन मॉनिटर वाटेतच फुटले होते. माझ्या कौतुकावर पाणी पडायला नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. तीन मशीन्सना सुरू होतानाच पासवर्ड विचारला जात होता. आमच्या ऑफिसातल्या ज्या इंजिनियरने तो टाकला होता, तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्या वर्षांतलं खेड्यातलं लोडशेडिंग तुम्हाला आठवत असेल. लाइट येताना व्होल्टेजचा असा काही झटका यायचा, की दोन मशीन्सचे पॉवर सप्लाय एकाच आठवड्यात जळाले. स्टॅबिलायझर किंवा यूपीएस पाठवायचं मला सुचलंच नव्हतं. खान्देशच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस डिग्रीत, पत्र्याच्या खोलीत धुळीने भरलेले पंखे कितीसे फिरणार? राहिलेले त्यातच गेले.

पण खरा धक्का पुढेच होता. गावातला एक चुणचुणीत पोरगा मला गाठून विचारतो, “ताई, तुमच्या हापिसात त्या मोठ्या साहेबांना एवढा पगार आहे का हो?” आणि त्याने बरोब्बर आकडा सांगितला! मी डेस्कटॉपवरच्या फाइल्स उडवल्या होत्या, रिसायकल बिनही रिकामी केली होती. डी ड्राइव्हकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिथे आमच्या अख्ख्या टीमची पगाराची शीट आरामात बसली होती. दिवाळीच्या थंडीत मला दरदरून घाम फुटला.

आमच्या सरांना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाले, “बेटा, एक सांगू का? आठवी ‘ब’ सध्या व्हरांड्यात बसते.”

मला कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. लॅबसाठी एक वर्ग रिकामा केला होता. मशीन्स बंद पडली, पण फेकता येईनात. कारण शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेडस्टॉक रजिस्टरला, ती नोंदली गेली होती. एकदा तिथे नाव चढलं की निर्लेखनाचा ठराव, तपासणी, मंजुरी असे सगळे सोपस्कार होईपर्यंत वस्तू हलवायची नाही. तोवर बारा डबे वर्गात आणि साठ पोरं व्हरांड्यात.

“तू मनापासून दिलंस,” सर म्हणाले. “पण आम्हाला बारा मशीन नको होते गं. चारच हवे होते. आणि ते दुरुस्त करणारा एक माणूस.”

परतीच्या गाडीत मी पुण्यापर्यंत गप्प बसून होते.

मरण कागदावरचं

तुम्ही म्हणाल, मग जुनं मशीन द्यायचंच नाही का? सरळ भंगारात घालावं? थांबा. तो तर त्याहून वाईट सौदा आहे.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली एक हिशोब मांडला होता. १७ इंची मॉनिटरसह एक डेस्कटॉप कॉम्प्युटर बनवायला सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं. म्हणजे टेबलावर मावणाऱ्या वस्तूसाठी पावणेदोन टनांहून जास्त ऐवज! फ्रिज किंवा गाडी आयुष्यभर वापरताना जास्त ऊर्जा खाते. कॉम्प्युटरचं उलटं आहे. त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा तो दुकानात येण्याआधीच खर्च झालेला असतो. त्यामुळे तो जितकी जास्त वर्षं चालेल, तितकी ती उधळपट्टी वसूल होते.

आणि फेकला तर? जुन्या पोटवाल्या मॉनिटरच्या काचेतच किलो-दोन किलो शिसं असतं. भंगारवाला तांब्यासाठी केबल जाळतो, सोन्याच्या कणांसाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवतो आणि तो धूर, ते पाणी कुणाच्या तरी पोटात जातं. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. ई-कचरा करण्यात आपला देश जगात चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ तिसरा. इथे मात्र मेडल मिळालं!

बरं, ऑफिसातला कॉम्प्युटर ‘जुना’ होतो म्हणजे तरी काय? आपल्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टात डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं आहे. चौथ्या वर्षी मशीन टुणटुणीत असलं, तरी अकाउंट्सच्या वहीत ते मेलेलं असतं. शिवाय सॉफ्टवेअर कंपन्याही अधूनमधून मृत्युपत्र धाडतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर चालत नाहीत. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ मध्येच अंदाज बांधला होता, की या एका निर्णयाने जगातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात.

आता दुसरी बाजू बघा. सरकारच्याच २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातल्या फक्त ५७ टक्के शाळांमध्ये चालू अवस्थेतला कॉम्प्युटर होता. ‘चालू अवस्थेतला’ हे दोन शब्द मी आता कधीच विसरत नाही.

म्हणजे एकीकडे न मेलेल्या मशीन्सचा ढीग आणि दुसरीकडे मशीनची वाट बघणारी पोरं. मधे फक्त एक ट्रक हवा, असं मला २००९ मध्ये वाटलं होतं. मधे हवी असते एक वर्कशॉप!

नाही म्हणायचा फंडा

हे मधलं काम करणाऱ्या संस्था जगभरात आहेत. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००० साली ‘फ्री गीक’ सुरू झाली. तिचा फंडा अगदी झक्कास आहे. लोकांनी जुने कॉम्प्युटर आणून द्यायचे. कुणीही स्वयंसेवक म्हणून यायचं, मशीन खोलायला, पार्ट वेगळे करायला, पुन्हा जोडायला शिकायचं. ठरावीक तास काम केलं की एक कॉम्प्युटर तुमचा. फुकट नाही हं, मेहनतीने कमावलेला. आणि घरी नेताना तो उघडायचा कसा, हेही तुम्हाला येत असतं. लंडनच्या ‘कॉम्प्युटर एड’ने कंपन्यांची जुनी मशीन्स घ्यायची, डेटा पुसायचा, दुरुस्त करून आफ्रिकेतल्या शाळांना पाठवायची, असं काम १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उभं केलं.

आपल्याकडे पुण्यात पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशन ‘ई-यंत्रण’ नावाची मोहीम राबवते. शहरभर केंद्रं लावून लोकांकडून ई-कचरा गोळा करायचा, त्यातली वापरता येण्यासारखी मशीन्स दुरुस्त करून गरजू शाळांना द्यायची आणि बाकीची रीतसर रिसायकलिंगला धाडायची.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. या संस्थांचं अर्धं काम म्हणजे ‘नाही’ म्हणणं! हे चालेल, हे नाही चालणार, याचे फक्त पार्ट काढायचे, हे थेट रिसायकलरकडे. ही चाळणी लागली नाही तर काय होतं, ते नायजेरियाच्या लागोस बंदरात दिसलं. ‘बॅसल ॲक्शन नेटवर्क’ या संस्थेने २००५ मध्ये तिथे पाहणी केली. महिन्याला सुमारे ५०० कंटेनर भरून जुनं इलेक्ट्रॉनिक सामान येत होतं, बरंचसं ‘वापरासाठी’ किंवा ‘गरिबांसाठी’ अशा गोंडस नावाखाली. त्यातलं जवळपास पाऊण सामान दुरुस्त करणं परवडण्यासारखं नव्हतं, असं तिथल्याच जाणकारांनी सांगितलं. ते मोकळ्या मैदानात जाळलं जात होतं.

हे वाचताना मला आमचा केळीचा ट्रक आठवला. आकाराने छोटा होता इतकंच. मीही ऑफिसचा कचरा गावाला नेऊन टाकला होता. वर हार घालून घेतला होता!

आणि त्या पगाराच्या शीटचं म्हणाल, तर मी काही एकटी नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर! डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तिथेच असतात.

टेक टू

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या आताच्या ऑफिसात विंडोज १० ची ती तारीख जवळ येत होती आणि चाळीस लॅपटॉप स्मशानाकडे निघाले होते. सोळा वर्षांनी पुन्हा तोच सीन! या वेळी मी ट्रक शोधायच्या आधी शाळेला फोन केला.

आमचे सर आता रिटायर झालेत. विज्ञानाच्या नव्या मॅडम फोनवर आल्या. मी अगदी उत्साहात म्हटलं, “मॅडम, लॅपटॉप देऊ शकते. किती पाठवू?”

त्यांनी आकडा सांगितला नाही. तीन प्रश्न विचारले. “बॅटरी किती वेळ चालते? चार्जर सोबत आहेत का? आणि बिघडला तर फोन कुणाला करायचा?”

सोळा वर्षांपूर्वी हे तीन प्रश्न मला कुणी विचारले असते, तर!

आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी शनिवार-रविवार कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबलं मांडली. आमच्यात हार्डवेअरचा खरा जाणकार एकच, बाकी सगळे हमाल. चाळीसपैकी तेवीस सुरू झाले. बॅटरी फुगलेले सहा लॅपटॉप जाणकाराने हातही न लावता बाजूला ठेवायला लावले, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तेवीसमधून पाचांचे स्क्रीन नाहीतर कीबोर्ड गेलेले. त्यांचे चांगले पार्ट इतरांना लावले. शेवटी उरले अठरा, आणि त्यातले मनापासून द्यावेत असे दहाच.

हा आकडा मी गावी आबांना फोनवर सांगितला. म्हटलं, चाळीसातून दहाच. मला वाटलं, हसतील. आबा केळीवाले. म्हणाले, “बरोबर आहे की. घड कापला की खोड संपलं. पण बुडाशी जी पिलं फुटतात, त्यातलं एक राखलं की पिलबाग उभी राहते. सगळी राखली त एकालाही घड धरत नाही.”

आमच्या जाणकाराला हे इतकं आवडलं, की त्याने ग्रुपचं नावच ‘पिलबाग’ ठेवलं.

दुरुस्ती म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. सुरूच न होणारी दोन मशीन्स रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासल्यावर चालू झाली. खरंच! दर वेळी तारीख चुकीची दाखवणाऱ्या मशीनला नाण्याएवढा नवा सेल लागतो. पंख्यातली धूळ ब्रशने काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. आणि सगळ्यात मोठी जादू म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची. तीन-चार मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो. खर्च झाला तो मुख्यतः यावरच, आणि तो आम्ही वर्गणी काढून केला.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं आणि त्यात मराठी टायपिंगही होतं. शिकायला आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे आहेत, तेही फुकट आणि मराठीतसुद्धा. काढलेल्या जुन्या डिस्क? ज्या चालत होत्या त्या सॉफ्टवेअरने पूर्ण पुसल्या. ज्या चालत नव्हत्या, त्यांना ड्रिलने भोकं पाडली. एकेक भोक पडताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

कागदपत्रंही या वेळी नीट केली. बंद मशीन म्हणजे ई-कचरा. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना तो नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांनाच द्यावा लागतो. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळे मेलेली मशीन्स ऑफिसने थेट नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवली. चांगली दहा मात्र रीतसर पत्र देऊन ओळखीच्या एका नोंदणीकृत संस्थेला दान केली. शाळेने ती संस्थेकडून फक्त वापरायला घेतली. म्हणजे मालकी संस्थेची, बंद पडली की परत न्यायची जबाबदारीही संस्थेची. व्हरांड्यात बसलेली ती आठवी ‘ब’ माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

दहापैकी दोन फोडायचे

लॅपटॉप गेले ते ट्रकमधून नाही. आम्ही तिघं स्वतः घेऊन गेलो. रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी सावदा आलं की खिडकीतून केळीची हिरवी भिंत आणि पाठीवर सॅकमध्ये प्रत्येकी तीन-चार लॅपटॉप.

दोन दिवस थांबलो. पहिल्या दिवशी एकही लॅपटॉप ‘शिकवला’ नाही. टेबलावर दोन ठेवले आणि म्हटलं, हे दोन फोडायचे! नववीच्या पोरापोरींचे चेहरे बघण्यासारखे होते. आयुष्यभर ‘हात लावू नको’ ऐकलेली ती पोरं. स्क्रू कुठे, बॅटरी कुठे, रॅम कुठली, डिस्क कुठली... दुपारपर्यंत दोन्ही मशीन्स पार सुटी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं एक पुन्हा चालू झालं होतं. दुसरं काही झालं नाही. तीन स्क्रू जास्तीचे उरले!

गावातला मोबाइल रिपेअरिंगवाला दादाही येऊन बसला होता. पहिल्या तासाला तो मागे हात बांधून उभा, दुसऱ्या तासाला तोच पोरांना शिकवत होता. मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथेच मिळालं. बिघडला तर फोन त्याला.

लॅपटॉप देण्यामागेही एक हिशोब होता. डेस्कटॉपपेक्षा तो वीज कमी खातो आणि लाइट गेली तरी बॅटरीवर चालत राहतो. म्हणजे यूपीएस घरचाच! शिवाय संध्याकाळी कपाटात ठेवून कुलूप लावता येतं, त्याच्यासाठी अख्खी खोली अडकत नाही.

निघताना शाळेने वर्गणीची वही पुढे केली. गावातल्या लोकांनी स्टॅबिलायझर, चांगलं वायरिंग आणि कपाटासाठी पैसे जमवले होते. मी म्हटलं, अहो, कशाला, आम्ही केलं असतं. मॅडम म्हणाल्या, “नको. गावाचे पैसे लागले की गाव लक्ष ठेवतं.”

त्यांचं म्हणणं काही नवं नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्याने ते करूनच दाखवलंय. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या धुळ्याच्या हर्षल विभांडिक यांनी २०१० च्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची मोहीम उभी केली, तेव्हा आधी गावाने वर्गणी काढायची आणि मग बाहेरून उरलेली मदत मिळायची, अशीच रीत ठेवली. फुकट आलेल्या डब्यावर चादर पडते. स्वतःच्या शंभर रुपयांच्या वस्तूवर माणूस धूळ बसू देत नाही.

तुमच्या ऑफिसातलं ‘स्मशान’ उघडताय?

मग एवढं जरूर करा.

• आधी विचारा. किती हवेत, कशासाठी, वीज कशी आहे, कुठे ठेवणार? शाळेने ‘चार’ म्हटलं तर चारच.

• सुरू करून बघा. तास-दोन तास चालवून. जे तुम्ही स्वतः आठवडाभर वापरणार नाही, ते देऊ नका.

• डेटा पुसा. डिलीट किंवा साधं फॉरमॅट पुरत नाही. पूर्ण डिस्क पुसणारं सॉफ्टवेअर वापरा. बंद डिस्क फोडा. आयटीवाल्यांकडून सगळे पासवर्ड काढून घ्या.

• चार्जर, केबल, माउस सोबत द्या. चार्जरशिवाय लॅपटॉप म्हणजे पेपरवेट. थोडे जास्तीचे पार्टही ठेवा.

• माणूस शोधा. जवळच्या गावात दुरुस्ती करू शकेल असा एक तरी हवा. नसेल तर आधी तो तयार करा.

• परत घ्यायचं वचन द्या. मेलेलं मशीन शाळेच्या गळ्यात नको. ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं.

• हे सगळं जमणार नसेल, तर हे काम करणाऱ्या संस्थेला मशीन आणि वर दुरुस्तीचा खर्च द्या. नुसता फोटो नको.

फोन आला

पावसाळ्यात एकदा मीटिंगमध्ये असताना मॅडमचा फोन आला. पोटात गोळाच आला. बाहेर जाऊन घेतला.

“ताई, चार नंबरचा बंद पडलाय. काल वीज कडाडली, तेव्हापासून.”

“दुसरा पाठवू का? आमच्याकडे अजून आहेत,” मी घाईघाईने म्हटलं.

“नको, नको. तुम्हाला फक्त एवढंच विचारायचं होतं, की त्या चार्जरचा व्होल्टेज किती? पोरींनी मशीन खोलून ठेवलंय. त्या म्हणतात, मशीन चांगलं आहे, चार्जरच गेलाय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, एकोणीसचा आहे, मागे लिहिलेलं आहे!”

आणि फोन कट झाला.